लाल गाडीला टर्बो की सुपर

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शेडमध्ये गेले तर सुपरचार्जरचं ब्रॅकेट तयार. जाड लोखंडी पट्टी, चार भोकं, वरून हिरवा रंगसुद्धा मारलेला. मला विचारलेलं नाही. गाडी माझी, आरसीवर नाव माझं, आणि ठरवणार बाबा.

म्हटलं, "बाबा, आजून ठरलं नाई आपलं."

"मंग ठरव ना. ब्रॅकेट तयार हाय."

दुपारभर शेडकडे फिरकले नाही. अंबाडीची भाजी वाढताना आई म्हणाली, "लोकाच्या घरी जमिनीवरून भांडणं होतेत, आपल्या घरी पंख्यावरून." तिच्या लेखी टर्बो काय, सुपर काय, दोन्ही पंखेच. तशी ती चूक नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भांडताना मुद्दे विसरते, म्हणून लिहून ठेवते.

टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो. धूर तसाही वायाच जायचा. त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, जास्त ताकद. फुकटची. सुपरचार्जर तेच काम करतो, पण बेल्टवर. म्हणजे इंजिनचीच ताकद खातो आणि मग इंजिनला हवा पाजतो. बाबा म्हणतात आवळा देऊन कोहळा काढते. मी म्हणते आवळा तरी का द्यायचा.

टर्बोत एक खोट आहे, मान्य. पाय दाबला की लगेच काही होत नाही. धूर वाढेल, चक्र फिरेल, मग जोर येईल. त्या थांबण्याला मी वर्गात 'लॅग' म्हणते. सोळा वर्षं पॉलिटेक्निकात हे फळ्यावर काढते आहे. सोळा वर्षांत एकही टर्बो हाताने बसवला नाही. आता बसवायचा आहे, तर समोर बाबा. भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगात एकतीस वर्षं हेड फिटर. त्यांच्यापुढे माझी डिग्री म्हणजे वाण्याच्या दुकानातली रद्दी.

१९ ऑक्टोबर, रविवार

नागपूरच्या माणसाचा फोन. पक्कं काम तोच करणार: मॅनिफोल्ड, पाइप, इंजिनचा कॉम्प्युटर. म्हणाला, "मॅडम, एकच काय ते सांगा. एकदा कापलं की परत फिरता येणार नाही." संक्रांतीपर्यंतची मुदत दिली आहे, त्यानंतर दुसऱ्या गाड्या घेणार.

त्याला बोलताना उगाच अवघडले. दोन सीटांची, कापडी छपराची, फायबरची गाडी. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. दिसायला वाघ, पळायला शेळी, कारण आत इंजिन साध्या घरगुती गाडीचं. चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरकडून घेतली तेव्हा आई गल्लीत सांगत होती, "हिनं लग्न नाई केलं, गाडी केली." तेव्हापासून या गाडीने एकदा तरी खरं पळून दाखवावं एवढीच माझी इच्छा आहे. एवढंही एका माणसाला मागता येऊ नये?

२५ ऑक्टोबर, शनिवार

तह झाला. दोन्ही तात्पुरते बसवायचे, दाब कमी ठेवायचा, एकाच रस्त्यावर पळवायचे आणि काय ते बघायचं. टर्बो माझ्याकडे आहे, भंगारातल्या डिझेल गाडीचा. सुपर बाबांनी मिळवला, जपानी लहान गाडीतून निघालेला. कुठून, कसा, सांगत नाहीत. हेड फिटरांचं आपसात एक वेगळंच पोस्ट खातं असतं.

पहिला मान सुपरला. ब्रॅकेट तयार आहे म्हणे.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी. फुकट गेली.

जागा उत्तम सापडली होती. गावाबाहेरचं नवं व्हेंचर: मोठी कमान, आखलेले प्लॉट, रोवलेले दगड, पाऊण किलोमीटरचा सरळ डांबरी रस्ता आणि घर एकही नाही. फक्त एक वॉचमन. तो आम्हाला बघून तेलुगूत म्हणाला, "निदानंगा पोंडी, मॅडम." हळू जा म्हणतो. हळूच गेलो, कारण दुसऱ्या फेरीत बेल्टच्या चिंध्या झाल्या.

उघडून बघते तर बेल्ट पुलीवर एक खाच बाजूला बसवलेला. एक अख्खी खाच. असं माझा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही.

"बाबा, हे काय?"

"होते कधी कधी."

एवढंच. होते कधी कधी. मी अशी चूक केली असती तर आठवडाभर ऐकवलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

या वेळी बेल्ट मी बसवला. बाबा बाजूला स्टुलावर बसून. गाडी बाबांनीच चालवली, मी शेजारी.

खरं लिहायचं तर छान गेली. पाय ठेवला की जोर, मधे काही नाही. आणि तो आवाज, बारीक, चढत जाणारा. बाबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी गेल्या दोनेक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. म्हटलं, आता हे मला टर्बो बसवूच देणार नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुपरची खरी मोजणी. श्रीनिवास सर (आमचे ऑटो. विभागाचे, घड्याळाच्या बाबतीत फार कडक) स्टॉपवॉच घेऊन कमानीखाली उभे. बाबांनी सहा फेऱ्या मारल्या. गेल्या रविवारपेक्षा स्पष्ट मंद. वरच्या वेगात तर धापच लागत होती.

सर म्हणाले, "मैडम, ये तो नॉर्मल गाडी जैसा ही है."

मी तोंडावर काही दाखवलं नाही. घरी येताना मात्र गाणं गुणगुणत होते. 

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे फक्त इथेच लिहिणार आहे.

संध्याकाळी एअर फिल्टर काढला. आतून सगळा कापूस. बोट घालून ओढला तर अख्खी वात निघाली. शनिवारी गाडी फिरवून आणताना मार्केट यार्डाच्या रांगेत तासभर अडकले होते, पुढे-मागे कापसाचे टेम्पो, इंजिन चालू. गाडी तासभर तंतूच ओढत होती. हवाच मिळत नव्हती बिचाऱ्याला. सुपरची काही चूक नव्हती.

या जिल्ह्यात राहून, कापसाच्या दिवसांत, फिल्टर न बघता गाडीची मोजणी करणारी मी इंजिनची मास्तरीण.

फिल्टर झटकला, परत बसवला. बाबांना सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगणारही नाही. त्यांनी ब्रॅकेट केलं तेव्हा मला कुठे सांगितलं होतं?

३० नोव्हेंबर, रविवार

दोन आठवडे टर्बो बसवण्यात गेले. सायलेन्सरवाल्याकडून जोडणी, तेलाची नळी तीनदा गळली, हात भाजला. पण बसला. माझ्या हाताने बसलेला पहिला.

बाबा म्हणाले, मी चालवतो. मला चालवायचा होता. पण त्यांचा सुपर मंद ठरलेला (ठरवलेला), आणि ते चौदा दिवसांत त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. चावी दिली.

पाय दाबला. काही नाही. बाबांनी आणखी दाबला. काही नाही. मग सगळं एकदम आलं. गाडी रस्त्याच्या शेवटच्या दगडाला घासून थेट तुरीत. दोघांना खरचटलं नाही. पुढचा बंपर फुटला, आणि तूरवाल्याची माफी मागायला मी गेले.

बाबा तुरीत उभे राहून म्हणाले, "हे मशीन खोटं बोलते. पटात जो बैल हाक मारल्यावर इचार करते ना, त्याले घरी नांगराले ठेवा लागते."

बाबा तरुणपणी नदीपलीकडच्या शंकरपटात धुरकरी होते. म्हणजे शर्यतीत बैलजोडी पळवणारे. भीमपूरकडची म्हातारी माणसं अजून त्यांना त्याच नावाने ओळखतात. म्हणून काय पेट्रोल इंजिनलाही बैलाचा न्याय?

"बाबा, सवय करा लागते. जोर उशिरा येते हे धरूनच पाय ठेवा लागते."

"मले नाई होत आता सवय," म्हणाले. मला वाटलं, हट्ट.

७ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. थंड हवा दाट असते, इंजिनला मानवते. माणसांना नाही मानवत. घरात दिवसभर खडाजंगी.

मी म्हटलं, आकडे बघा. बुधवारी मी चालवला आणि सरांनी मोजला, टर्बो दर फेरीत पुढे आहे. (कापसाची वात मनात घेऊन म्हटलं. लाज वाटली, तरी म्हटलं.)

ते म्हणाले, "आकडे तुह्यापाशी ठेव. सुपर पुन्हा बसव, मी एकटा चालवून दाखवतो."

"एकटे काऊन?"

"तू बाजूले बसली का बडबड करतं. मले आइकू येत नाई."

श्रीनिवास सरांना फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "मैडम, इलेक्ट्रिक ले लो ना." या माणसाला एम.टेक. कोणी दिलं?

१४ डिसेंबर, रविवार

 क्रमाने लिहिते.

सुपर पुन्हा बसवला. फिल्टर मी आधीच नवा टाकला होता, गुपचूप. व्हेंचरवर गेलो. एकटं सोडायला मी तयार नव्हते, शेजारी बसलेच. अट एकच, बोलायचं नाही.

पहिल्या फेरीत बाबा स्वतःच बोलायला लागले. "चाळीस. पन्नास. साठ." मी मीटरकडे बघितलं, बरोबर. "सत्तर. आता गेअर." बरोबर. ते मीटरकडे बघतच नव्हते. मान थोडी कलती, कान इंजिनकडे. जिनिंगात ओळीने चालणाऱ्या मशिनींमधून कुठल्या मशिनीचा रूळ बिघडला ते दारातून सांगायचे, हे लहानपणी ऐकलं होतं. आज पाहिलं. इतका अभिमान वाटला की टर्बोचं काही काळ विसरलेच.

दुसरी फेरी. "साठ. सत्तर." डावीकडच्या प्लॉटांतून एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यावर येत होती. मला चांगली लांबून दिसली. म्हटलं, आता ब्रेक मारतील. "पंचाहत्तर," बाबा म्हणाले. आनंदात होते. पाय तसाच.

मी स्टिअरिंग ओढलं. गाडी उजवीकडच्या मुरमात गोल फिरून उभी राहिली. बाईने भारा टाकला होता आणि ती तेलुगूत शिव्या देत होती. एकूण एक कळल्या. देऊ दे.

बाबांनी विचारलं, "का झालं? काऊन ओढलं?"

बाई डाव्या हाताला उभी होती. दहा पावलांवर.

"बाबा, ती बाई नाई दिसली?"

"कोनती बाई?" म्हणाले. मग मान डावीकडे बरीच वळवली, आणि त्यांना ती दिसली.

१५ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. आईला स्वयंपाकघरात गाठलं.

तिला माहीत होतं. दोन वर्षांपासून. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, थेंब रोज घाला, गाडी बंद करा. थेंब कधी घालतात, कधी नाही. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसतं.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"त्यायनं शपथ घातली होती. म्हणे, पोरगी मले शेडात येऊ देनार नाई."

एक खाच बाजूला बसलेला बेल्ट. तुरीच्या कडेचा दगड. मी लॅग लॅग करत राहिले. आपण फार हुशार असलो की समोरचं असं चुकतं. स्वतःला थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आहे. त्यांना पण. आईला पण.

१७ डिसेंबर, बुधवार

बाबा माझ्याशी बोलत नाहीत, मी बाबांशी बोलत नाही. आई दोघांना एकाच वाक्यात जेवायला बोलावते.

गाडीची चावी माझ्या पर्समध्ये आहे. तिचा काय उपयोग? एकतीस वर्षं फिटर होते, वायर जोडून चालू करतील.

२० डिसेंबर, शनिवार

नांदेड. जाताना बाबा बसमध्ये खिडकीजवळ बसले आणि बाहेर बघत होते, की बघायचं नाटक करत होते, मला कळेना. आता प्रत्येक गोष्टीत मी हेच शोधते.

डॉक्टरांनी मशीनमध्ये डोकं ठेवायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाबा फार मन लावून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. बराच वेळ बटण वाजलंच नाही. कागद निघाला. डावं वर्तुळ काळं. उजव्याच्या मधे रुपयाएवढं पांढरं.

गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं, डॉक्टर म्हणाले. मी गाडीचं विचारलं. म्हणाले, "गाडी? सायकलसुद्धा नको." मी म्हटलं, रिकाम्या रस्त्यावर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे बोलवलं नाही. रिकामा रस्ता म्हणजे काय ते मला आता माहीत आहेच.

 परतीत बाबा फक्त एवढंच म्हणाले, "चहा घे."

२८ डिसेंबर, रविवार

बाबा आठ दिवसांनी बोलले. शेडमध्ये मी उगाच पाने लावून ठेवत होते, ते आले, स्टूल ओढून बसले. शब्द जसेच्या तसे लिहायचा प्रयत्न करते.

"मीटर दिसत नाई मले. दोन वर्सं झाले. सुपरचा आवाज इंजिनासंगं चढते, इंजिनासंगं उतरते. कोणता गेअर, किती पळून राह्यली, सारं कानात येते. टर्बोचं तसं नाई. पाय आता दाबा, जोर मंग येते. तवरक मी कुठं हाय मले कसं समजावं?"

तर हे होतं. आवळा-कोहळा काही नव्हतं. सुपरवर मी काढलेली सगळी गणितं, सगळ्या फेऱ्या, आणि हा माणूस फक्त ऐकू येणारी गाडी मागत होता.

मीही मग कबूल केलं. फिल्टर, कापूस, सगळं. मान वर करवत नव्हती.

"मालूम हाय," म्हणाले. "त्याच दिशी आवाज दबका येत होता. फिल्टर कोंदलं हे कोणी पन सांगन."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू लय खुशीत होतीस. गाणं म्हणत होतीस."

मी पाने घेऊन बाहेर आले. तिथे उभी राहून रडले, आणि रडताना पण चिडलेलीच होते.

१ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिवसभर तीन भाषांत. कशातच मन नाही.

सुपर बसवला तर बाबांच्या हातात चावी दिल्यासारखं आहे. जी एकच गाडी ते अजून चालवू शकतात असं त्यांना वाटतं, ती मीच त्यांना करून द्यायची. पुढच्या वेळी बाजूला मी नसेन.

टर्बो बसवला तर सांगितल्यासारखं आहे की झालं, संपलं, आता बाहेर बसा. माझ्या तोंडून, माझ्या हाताने.

काहीच नाही बसवलं तर? विचार करून पाहिला. ते लगेच ओळखतील का नाही बसवलं ते.

तीन महिने मला वाटत होतं की निर्णय माझ्या हातात नाही म्हणून मी वैतागले आहे.

५ जानेवारी, सोमवार

नागपूरचा मेसेज. "मॅडम, T का S? एक अक्षर पाठवा." एक अक्षर.

वर्गात आज सुपरचार्जिंगचाच धडा आला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोन्हींतलं चांगलं कोणतं?" परीक्षेत काय लिहायचं ते सांगितलं. ती वहीत उतरवून घेत होती. मला तिची वही ओढून घ्यावीशी वाटली.

थेंब आता मी घालते, सकाळ-संध्याकाळ. मान मागे टाकून बसतात, मुकाट. थेंब पडला की म्हणतात, "झालं?" यात तरी एक वेळापत्रक आहे.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी लवकर घरी आले. शेडचं दार उघडं. बाबा गाडीत बसलेले, चालकाच्या बाजूला, इंजिन बंद. हात स्टिअरिंगवर. मला बघून उतरले नाहीत. मी ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. लहान मुलाला कोणी तसं बोलत नाही.

"नुसता बसलो होतो," म्हणाले.

आई मधे पडली. "बसू दे नं वं. बसून कोनाले लागते?" तिला काय सांगू? बोनेट गरम होतं.

११ जानेवारी, रविवार

सकाळी उन्हात बसलो होतो, दोघंच. मी ठरवून गेले होते की आज शांतपणे विचारायचं. सुपर बसवते, पण तुम्ही शेजारी बसायचं. कायम शेजारी. मला शब्द द्या. दिला तर आजच नागपूरला कळवते. आवाज तुमचा, पाय माझा.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "टर्बो लाव."

"काऊन?"

"शब्द देता येत नाई मले, माय. आज देईन. पन तू कॉलेजात गेली का ते शेडमधून मले हाक मारन. आज नाई बसनार, उद्या नाई बसनार, परवा बसनच. गुरवारी बसलो तवा गाडी शेडाच्या भाईर काढली होती मी. फाटकापतोर गेलो. मंग माघारी लावली. मले माहा सभाव मालूम हाय."

मी फाटकाकडे बघितलं.

"रस्त्यावर कोनाची बाई येते, कोनाचं लेकरू येते. टर्बोचं मले भेव वाटते. भेव वाटलंच पायजे. टर्बो लाव तू."

ऑक्टोबरपासून हेच ऐकायचं होतं मला. बाबांच्या तोंडून, स्पष्ट, 'टर्बो लाव.' ऐकलं, आणि इतका राग आला की कप आपटून आत आले. राग कुणाचा ते अजून समजत नाही. मी हरले असते तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी, सोमवार

परवा भोगी. मुदत संपत आली.

सकाळी थेंब घालून झाले. दोघं चहा घेत बसलो, माझा फोन मधे टेबलावर. नागपूरवाल्याचा फोन आला. मी बघत राहिले. वाजून बंद झाला. लगेच परत आला. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. आता पूर्ण वळवावी लागते. मी उचलला नाही.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी टेबलावर हात फिरवून फोन शोधला, कानाला लावला.

"मॅडम आंघोळीले गेल्या," म्हणाले. "नाई, मले नाई मालूम. लय टाइम लागते त्यायले."

मी समोरच बसले होते.